चार घासांची जागा

२ सप्टेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे आता शेवटपर्यंत वाचशीलच. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस तू. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुला खाली ठेवता येत नाही. आपल्या अठरा वर्षांच्या अबोल्यापेक्षा तुझी ही खोड जुनी आहे, म्हणून तिच्याच भरवशावर लिहितेय. फोन तू उचलला नसतास.

काम साधं आहे. मला बारीक व्हायचंय.

हसायचं तर हस. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी फुंकर मारली तर उडेन अशी होते. दारात उभा राहून तू म्हणालास, “पाववाल्याशी लग्न केलंस तर मला बहीणच नव्हती असं समजेन,” आणि मी दोन बॅगा उचलून तरातरा जिना उतरले. आज तोच जिना उतरायचा तर मला कठडा धरावा लागेल, आणि चढायचा तर मागून कोणीतरी ढकलावं लागेल. भट्टीशेजारी ठेवलेल्या पिठाचं जे होतं, तेच माझं झालंय.

आणि गंमत म्हणजे मी जेवत काहीच नाही! (प्रत्येक जाडी बाई हेच म्हणते, माहीत आहे मला.) दुकानाच्या मागच्या खोलीत केक सजवायचं काम माझं. भट्टीतून आलेल्या केकचा वरचा फुगवटा सुरीने कापून तो सपाट करावा लागतो, नाहीतर क्रीम घसरतं. तो कापलेला भाग टाकवत नाही आणि विकताही येत नाही. तो माझ्या तोंडात जातो. शिवाय तुटकी बिस्किटं, करपलेल्या टोस्टची बरी बाजू, क्रीमचा चमचा. जेवायला बसते तेव्हा भूक नसतेच. ताट समोर येतं म्हणून जेवते.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. कोणत्या डॉक्टरांनी आणि कशासाठी ते विचारू नकोस. चाळिशी उलटलेल्या बाईला बारीक हो म्हणायला डॉक्टरला कारण लागत नाही. त्यांनी खाण्याचा एक छापील तक्ता दिला. त्यातल्या निम्म्या गोष्टींची नावं मला वाचता आली नाहीत, उरलेल्या निम्म्या आमच्या बाजारात मिळत नाहीत. तो घेऊन बसले होते, तेवढ्यात आई आठवली. शेवटपर्यंत वेताच्या छडीसारखी होती ना रे ती? घरात कधी वजनकाटा नव्हता, तक्ता नव्हता, आणि ती उपाशी राहिलेलीही मला आठवत नाही. पण ती गेली तेव्हा मी सात वर्षांची. मला तिचा हात आठवतो, ताट आठवत नाही. तू सतरा वर्षांचा होतास. तिच्यामागे स्वयंपाक तूच केलास. आई काय जेवायची, कधी, किती? एवढंच कळव.

तुझी तब्येत बरी असेल असं लिहायची पद्धत आहे. मी विचारते, कशी आहे?

तुझी (मानलंस तर)
ठकू

२१ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे माझंच पत्र! लाल शाईने शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून परत पाठवलंस. अठरा वर्षांनी भाऊ बोलला तो ऱ्हस्व-दीर्घातून. लेकीला दाखवलं. ती म्हणाली, “आई, हा मामा खरा आहे की शाळेतून पाठवलाय?”

पण अगदी खाली, समासात, तुझी एक ओळ होती. “आई ताटात एकदाच वाढून घ्यायची. मग भांड्यांवर झाकणं ठेवायची.”

ती ओळ वाचली आणि मला झाकणांचा आवाज आठवला, दादा. एकावर एक. ताट आठवत नव्हतं, आवाज होता.

मी करून पाहिलं. पोळ्या, भाजी, वरण, थोडा भात, सगळं आधीच ताटात घेतलं. झाकणं ठेवली. पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं की मी किती जेवते. एरवी भाताला वरण कमी, मग वरणाला भात कमी, असं करत मी पातेल्याशी समेट करत बसायचे.

आई खाली बसून जेवायची हे मात्र मला पक्कं आठवतं. म्हणून उत्साहाने मांडी घालायला गेले. बसले. जेवले. आणि उठता येईना! हाताला धरायला टेबलाचा पाय, तो हलका. टेबल माझ्याकडे यायला लागलं. शेवटी यांनी एक खांदा, लेकीने दुसरा, “एक, दोन, तीन” म्हणून मला पिठाच्या गोणीसारखी उभी केली. हे म्हणाले, “गोणी निदान हसत तरी नाही.”

केकच्या कापांचा डबा यांनी वरच्या फळीवर ठेवलाय, माझा हात पोचणार नाही असा. स्टूल लागतं. आणि स्टुलावर चढायला मला आता भीती वाटते. तेव्हा डबा सुरक्षित आहे.

आणखी काही आठवलं तर लिही. एक ओळ पुरे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळलेत, तपासून घे.

ठकू

६ ऑक्टोबर

दादा,

छान चाललंय. वजन भराभर उतरतंय. तुझ्या एका ओळीत मी माझी भर घातली: सकाळी नुसतं लिंबूपाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी ताक. बाकी शून्य. ताट वाढून घ्यायचा प्रश्नच नाही आणि खाली बसायचाही नाही. मला घाई आहे, म्हणून.

बिनमिठाचं जेवण कसं लागतं, कळव. म्हणजे, मीही मीठ कमी करावं म्हणतेय.

ठकू

१९ ऑक्टोबर

दादा,

तू कार्डावर फक्त “मूर्ख” एवढंच लिहिलं असतंस तरी चाललं असतं. पण तू पाठपोट भरून लिहिलंस, म्हणजे फार रागावलास. ते वाचून मला किती बरं वाटलं हे तुला सांगता येणार नाही.

तुझा राग बरोबर होता. कार्ड यायच्या आदल्या दिवशीच मी दुकानात चक्कर येऊन पडले. सकाळच्या गर्दीत, गोड पावांच्या गरम ट्रेवर. कोपराला थोडं भाजलं, पाव बारा-पंधरा चपटे झाले. गिऱ्हाईकं पळाली नाहीत, उलट एका म्हातारबाबांनी मला पाणी पाजलं आणि “चेपलेले स्वस्त द्याल का?” म्हणून विचारलं. डॉक्टरांनी वेगळं झापलं. असं घाईत उपाशी राहून उतरवलेलं वजन उलट पोटातच घोळ करून ठेवतं, म्हणाले. “तुम्हाला वाळवण व्हायचंय की निरोगी?”

तुझं कार्ड मी स्वयंपाकघरात लावलंय. “आई उपाशी कधीच राहिली नाही. ती दोनदा जेवायची, नीट जेवायची. भाकरी, पालेभाजी, डाळ किंवा मोडाचं कडधान्य, ताक. सकाळी काम करून भूक लागली की, आणि दिवेलागणीआधी. मधे तोंड बंद. पोट भरलं असं वाटायच्या आधी चार घासांची जागा ठेवून उठायची. दातांचं काम पोटाला लावू नये, म्हणायची. उपास करणं तिला खादाडपणाचाच दुसरा प्रकार वाटायचा.”

शेवटचं वाक्य आईचं की तुझं?

आणि खाली बारीक अक्षरात तू विचारलंस, “मिठाचं तुला कोणी सांगितलं?”

कोणी नाही. सहज विचारलं.

पण दादा, तुझी शाई तीच आहे, अक्षर तुझं नाही. ‘का’चा काना थरथरतोय. मीही थोडं तपासायला शिकलेय.

ठकू

११ नोव्हेंबर

दादा,

आज तुला एक बातमी द्यायची आहे. मला भूक लागली.

तुला यात विशेष वाटणार नाही. मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती. सकाळी नाश्त्याऐवजी सकाळचं जेवणच थोडं लवकर करायचं ठरवल्यापासून मधलं चरणं बंद केलं. पहिले काही दिवस हात आपोआप तोंडाकडे जायचा, रिकामाच. क्रीम लावता लावता मी बोटं चाटायला जायचे आणि लेक लांबून “आई!” म्हणून ओरडायची. मग काल, अकराच्या सुमाराला, एका मोठ्या केकवर फुलं काढत होते आणि पोटातून आवाज आला. मला वाटलं मांजर शिरलं. पोटात कावळे कोकलतात म्हणतात ना, ते अगदी खरे कावळे असतात रे. हातातलं काम ठेवून मी जेवायला बसले. साधी डाळ आणि मेथीची भाजी. त्या डाळीला इतकी चव होती की मी यांना विचारलं, “आज काय वेगळं घातलं?” हे म्हणाले, “डाळ तूच केलीस.”

आता मी खाली बसते आणि हात टेकून का होईना, एकटी उठते. हे माझ्यासमोर बसतात. आधी बसत नव्हते. त्यांचं थोडं मन दुखलं होतं. अठरा वर्षं माझा दिवस त्यांच्या हातच्या पावाने सुरू व्हायचा. मी तो बंद केला, तर दुसऱ्या दिवशी यांनी पाव जरा जास्तच भाजले. शेवटी एकदा म्हणालेच, “माझ्या हातचं नको झालं ना?” मी म्हटलं, “तुमच्या हातचं हवंय, मैद्याचं नको.”

बस्स! त्यांनी ज्वारीचं पीठ आणलं आणि बाह्या सरसावल्या. “पीठ ते पीठ,” म्हणाले. दादा, ज्या माणसाच्या हाताखाली रोज मणभर कणीक लोण्यासारखी होते, त्याला एका भाकरीने रडवलं. मळून मळून दमले. “याला ताणच नाही! हे धरून राहत नाही, हे पीठ आहे की रांगोळी?” थापायला घेतली की काठाला चिरा. उचलली की तुकडे. तव्यापर्यंत एकही पोचली नाही. त्या दिवशी आम्ही तिघांनी ज्वारीचा चुरा ताकात कालवून खाल्ला.

तू सतरा वर्षांचा असताना कशी करायचास? मला आठवतंय, तुझ्याही पहिल्या भाकऱ्या जाडजूड आणि मधे कच्च्या असायच्या. पण नंतर फुगायच्या. मी तव्यासमोर बसून वाट बघायचे, फुगली की टाळ्या वाजवायचे.

ठकू

२ डिसेंबर

दादा,

तुझ्या कार्डावरचं वाक्य मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. “पाववाल्याला सांग, पाणी आधणाचं घ्यायचं, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ मळायचं.”

यांनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं. म्हणाले, “त्यांनी मला निरोप पाठवला?” आणि उठून पाणी उकळायला ठेवलं.

पाचवी भाकरी फुगली, दादा! टाळ्या मीच वाजवल्या. आता इतकी पातळ थापतात की मला राग येतो. दुकानात गिऱ्हाईकांनाही सांगायला लागलेत, पाव विकताना: “पाव छान आहे, पण रोज खाऊ नका.” मी म्हटलं, अशाने धंदा बसेल. तसं काही झालेलं नाही. लोकांना वाटतं हा माणूस प्रामाणिक आहे, दोन जास्त घेऊन जातात.

दिवेलागणीआधी जेवायचं मात्र फार अवघड गेलं. आमची सगळ्यात जास्त गर्दी नेमकी तेव्हाच. पण लेक शिकवणीहून आली की काउंटरला उभी राहते, आम्ही दोघं मागे पिठाच्या पोत्यांमध्ये चटई टाकून जेवून घेतो. जेवण झालं की मी गल्लीच्या टोकापर्यंत शतपावली करते. शंभराची दोनशे पावलं कधी झाली कळलं नाही. शिवणवाल्या बाईंनी माझे कपडे आत घेतले, मग परत एकदा घेतले, आणि आता म्हणाल्या, “एकदाचं ठरवा, मग या.”

तू तुझ्या तब्येतीबद्दल अजून एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मीही तुला खूप काही लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात लिहीन. माझ्या हातात एक कागद यायचाय.

ठकू

२७ डिसेंबर

दादा,

हे पत्र बसून वाच. आणि चुका काढू नकोस, आज मी तपासलेलं नाही.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी वहिनी दुकानात आली होती. गिऱ्हाईकांच्या रांगेत उभी राहिली. मी खाली मान घालून सुटे पैसे मोजत होते. तिचा नंबर आला तशी म्हणाली, “एक मोठा पाव द्या.” आवाज ओळखून मी वर बघितलं. ती म्हणाली, “ठकू, मला पाव नकोय.”

मागे पोत्यावर बसून तिने सगळं सांगितलं. तुझी लहानपणची कावीळ आत दबा धरून बसली होती आणि तिने लिव्हर पार निकामी करत आणलं, ते. पोटात पाणी होतं, ते. बिनमिठाचं जेवण. तू छापखाना सोडलास, तेही. जवळच्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर तू बरा होशील, आणि तिचं रक्त तुझ्याशी जुळत नाही. तिने तुझ्याकडे माझं नाव काढलं तेव्हा तू म्हणालास, “तिच्याकडून काही घ्यायचं नाही. विषय संपला.” म्हणून ती तुला न सांगता आली. “त्यांना कळलं तर हे औषधही बंद करतील,” म्हणाली. दादा, तिच्यावर रागावू नकोस. ती आली नसती तर मी तिला कधी माफ केलं नसतं.

माझं रक्त जुळलं. बाकी सगळं जुळलं. मग पोटाचा फोटो काढला आणि डॉक्टर म्हणाले, “बाई, तुमच्याच लिव्हरवर एवढी चरबी आहे, यातलं द्यायचं काय? तीन-चार महिने आम्ही त्यांना औषधांवर सांभाळतो. तेवढ्यात ही उतरवून या.”

आता तुला कळलं, मला कसली घाई होती.

यांचंही सांगते, लपवत नाही. डॉक्टरांकडून आल्यावर हे म्हणाले, “ज्या माणसाने अठरा वर्षांत माझ्या दाराची कडी वाजवली नाही, त्याला मी माझी बायको चिरून द्यायची?” ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी स्टुलावर चढून त्यांनी केकच्या कापांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. तोच त्यांचा होकार.

कालचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी धरून दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली, “बघा, बघा.” मला विचारलं, कोणतं औषध घेतलं? मी म्हटलं, आमच्या आईचं.

मी तयार आहे. आता तू फक्त हो म्हण.

ठकू

९ जानेवारी

दादा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. अठरा वर्षांतलं सगळ्यात लांब, आणि त्यात एकच शब्द, नाही. बाकी सगळी त्याची रूपं.

तू लिहितोस की मी आईचं नाव पुढे करून तुला फसवलं. नाही, दादा. मला खरंच काही आठवत नव्हतं, आणि तुझ्याशिवाय सांगणारं कोणी नव्हतं. मला तुझ्याकडून आई हवी होती आणि तुला लिव्हर हवं होतं. यात फसवणूक कुठे आली?

तू लिहितोस, “तुला वाढवलं ते असं परत घेण्यासाठी नाही.” मग मी कुठे परत करतेय! परतफेड करायची असती तर तुझ्या त्या मधे कच्च्या भाकऱ्या मी तेव्हाच परत केल्या असत्या. तू माझा भाऊ आहेस, तू आजारी आहेस, आणि मला देता येतंय. एवढीच तीन वाक्यं आहेत. यात लाल शाईला जागा नाही.

तू लिहितोस, “तुझं काही बरंवाईट झालं तर?” होऊ शकतं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं सांगितलंय, गोड करून नाही. मला भीती वाटते. पण हेही सांगितलं की दिलेला तुकडा दोघांमध्येही पुन्हा वाढतो. मला ते ऐकून इतकं आवडलं की मी त्यांना परत सांगायला लावलं.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. तू नाहीच म्हणालास, तरी माझे हे चार महिने फुकट गेले असं मनात आणू नकोस. पहिला महिना मी तुझ्यासाठी जेवले. पुढचे माझ्यासाठी. मी आता जिना न थांबता चढते. मला खरी भूक लागते, आणि जेवले की समाधान होतं. मधे किती वर्षं मी नुसतं खात होते, जेवले कधी नाहीच. तू नको म्हणालास म्हणून मी काही पुन्हा केकच्या कापांकडे जाणार नाही. म्हणजे तुझ्या डोक्यावर माझं कसलंच ओझं नाही. असं निवांत मनाने ठरव.

उत्तर पाठवू नकोस. हे उद्या तुझ्याकडे येतायत. मी पाठवत नाहीये. सांगत होते जाऊ नका म्हणून. ऐकत नाहीत.

ठकू

१३ जानेवारी

दादा,

हे काल रात्री आले. आल्या आल्या मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “जेवलो.”

“आणि?”

“छान जेवलो. तुझ्या वहिनीने भाकरी केली होती. जाड होती. मी दुसरी थापून दाखवली.”

“अहो, दादा काय म्हणाला?”

“ते म्हणाले, काठ जरा बरा आलाय.”

यांच्याकडून शब्द काढणं म्हणजे थंड भट्टीतून पाव काढणं. शेवटी वहिनीने फोनवर सांगितलं. तू म्हणे जेवण होईपर्यंत भाकरीशिवाय कशावरही बोलला नाहीस. मग म्हणालास, “तिला समजवा. तुमचं ऐकेल.” आणि हे म्हणाले, “तिने तुमचं ऐकलं नाही म्हणून तर ती माझ्याकडे आली. आता माझं काय ऐकणार? तिचं यीस्ट घातलेल्या पिठासारखं आहे, दाबलं की जरा बसतं, पाठ फिरली की परत वर.” त्यावर तू हसलास म्हणे. हसताना तुला धाप लागली, आणि यांनी तुझी पाठ धरली. आणि मग तू म्हणालास, “मला भीती वाटते हो.” हे म्हणाले, “मलाही वाटते. आपण दोघं मिळून भिऊ, ती तर कामाला लागलीय.”

वहिनी म्हणाली, ऑपरेशनच्या संमतीवर सही करताना तुझा हात हलत होता, पण नावात चूक नव्हती.

ठकू

२४ फेब्रुवारी

दादा,

मी घरी येऊन आठवडा झाला. तू अजून तिथेच आहेस आणि वहिनी म्हणते की पहिल्या दिवसांतलं तुला काहीच आठवत नाही. औषधाच्या गुंगीत होतास. म्हणून जे झालं ते लिहून पाठवते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला तुझ्या खोलीत सोडलं नाही. काचेतून पाहिलं. तू झोपला होतास. हळदीसारखा पिवळा. मी तुला ओळखलं ते चष्म्यावरून. तो छातीवर तसाच, दोरीला अडकवलेला. मी तिथे रडले नाही. खाली येऊन यांच्यासमोर रडले, यांनी रडून घेऊ दिलं.

दुसऱ्या दिवसाचं मला काही ठाऊक नाही, तुला तर नाहीच. जाग आली तेव्हा पोटावर विटा रचल्यासारखं वाटत होतं. मी पहिलं विचारलं, “दादा?” नर्स म्हणाली, “चालू झालंय त्यांचं. रंग बदलतोय.” पुढचे दोन दिवस दुखण्याचे. ते नाही लिहीत, तुझंही तसंच गेलं असेल.

मग एका दुपारी मला चालायला लावलं. यांचा हात धरून, पोटावर उशी दाबून, म्हातारीसारखी वाकून मी तुझ्या खोलीपर्यंत आले. त्या दिवशी दार उघडं होतं. तू उशीला टेकून बसला होतास. रंग माणसासारखा झाला होता. तू चष्मा लावलास, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. अठरा वर्षांनी. मी मनात किती काय जुळवून ठेवलं होतं! आणि तू म्हणालास,

“किती वाळलीस गं. जेवत नाहीस का?”

आधी हे हसले. मग वहिनी. मग मी, आणि हसले तसे टाके इतके दुखले की मी उशी घट्ट धरून “नका रे हसवू, नका रे” म्हणत खुर्चीत बसले. तुला कळेना सगळे का हसतायत. तू रागावून म्हणालास, “यात हसण्यासारखं काय आहे? मेहुणे, हिच्याकडे लक्ष द्या जरा.” यांनी “हो दादा” म्हटलं आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत उभे राहिले, बराच वेळ.

तेवढ्यात जेवण आलं. तुला पेज, मला मऊ भात. वहिनीने तुझ्या पलंगावरचं फिरतं टेबल मधे ओढलं आणि दोन्ही वाट्या त्यावर ठेवल्या. आपण दोघं जेवलो. बोललो नाही काही. पेज तुला घोटभरच जायची, पण तू प्रत्येक घोट तोंडात घोळवून गिळत होतास, डोळे मिटून. मी माझा भात चावत होते. तुझं आधी झालं. तू वाटी बाजूला सारलीस आणि माझ्याकडे बघत बसलास.

वाट्या गोळा करणारी बाई आली. तिला घाई होती. तिने तुझी वाटी उचलली आणि माझ्याकडे हात केला.

“थांबा,” तू म्हणालास, “तिचं अजून व्हायचंय.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी सावकाश जेवले.

ठकू